पोर्ट बदललेला प्रिंटर

अंबडला कोर्टासमोर पत्र्याच्या गाळ्यांची ओळ आहे. त्यातल्या एका गाळ्यात दैवशाला अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. ती मूळची वाटूरची. नवरा वारल्यावर टाइपरायटर घेऊन इथं येऊन बसली. पुढं टाइपरायटर गेला, संगणक आला. गिऱ्हाईक मात्र तिलाच शोधत यायचं, कारण तिच्या कागदात खाडाखोड करायची पाळी कधी यायची नाही.

संगणक शिकायची हिंमत तिला आली ती धाकट्या भावामुळे. राजानंदला तिनं लेकासारखं सांभाळलं होतं. जालन्याला ठेवून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करायला लावला. आता तो अंबडमधल्या दुकानांची यंत्रं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी बहिणीच्या गाळ्यात येऊन टेकायचा. "आक्का, तू चहा सांग, तोवर मी मेल बघतो," म्हणत तिच्या खुर्चीत बसायचा. तो खुर्चीत बसला की तिला बरं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात प्रिंटरनं त्रास द्यायला सुरुवात केली. दैवशालानं प्रिंटचं बटण दाबलं की कागद यायचा नाही. पडद्यावर चौकट उघडायची आणि फाइल कुठं सेव्ह करायची ते विचारायची. तिनं नाव दिलं की फाइल गुमान आत जाऊन बसायची. प्रिंटर नुसता दिवा लावून उभा.

तिनं राजानंदला फोन केला. तो लगेच आला, तिला चहा सांगायला पाठवलं, आणि ती परत येईपर्यंत प्रिंट चालू. पण काही दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

"आक्का, मशीन थकलं आता," राजानंद म्हणाला. "आन् खरं सांगू? तूबी थकलीस. वाटूरला जा, आईपाशी राहा. गाळा मी बघतो."

असं तो वर्षापूर्वीही एकदा बोलला होता. तेव्हाही तिनं हसून न्हाई म्हटलं होतं. आताही तेच म्हणाली. पण या वेळी घरी गेल्यावर आपल्या हातांकडं बघत बसली. खरंच आपल्याला जमत नाही की काय?

त्यातच रखमाजींचं झालं. म्हातारा माणूस, बांधाच्या भांडणाची तारीख होती. प्रतिज्ञापत्र टाइप झालं आणि ऐन वेळी कागद निघेना. राजानंदचा फोन लागेना. दुसऱ्या दुकानात गर्दी. पुकारा झाला तेव्हा रखमाजी रिकाम्या हातानं उभे होते. पुढची तारीख मिळाली. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "बाई, तुमच्या भरवशावर आल्तो." त्या दिवशी ती जेवली नाही.

त्याच आठवड्यात टेंभुर्णीच्या शाळेतल्या प्रभावतीबाई करारनामा करायला आल्या. फाइलची चौकट उघडलेली बघून म्हणाल्या, "अहो, आमच्या शाळेतबी झाल्तं हे. मशीन बिघडलेलं न्हाई. प्रिंटरची यादी उघडा बरं."

दैवशालानं यादी उघडली. हाच प्रिंटर वापरायचा असं सांगणारी हिरवी खूण तिच्या प्रिंटरच्या नावावर बराबर होती. प्रभावतीबाई बुचकळ्यात पडल्या. "आमच्याकडं ही खूण पीडीएफच्या ओळीवर गेल्ती. तुमची तर जागेवर हाय. मंग आत बघू." त्यांनी प्रिंटरचे गुणधर्म उघडले, छपाई कुठल्या वाटेनं जाते ते दाखवणाऱ्या पोर्टच्या पानावर गेल्या आणि थांबल्या. प्रिंटर ज्या वायरीनं जोडलेला, त्या पोर्टवरची टिक काढलेली होती. टिक होती 'फाइल' लिहिलेल्या ओळीवर.

"बघा, म्हणून समदं फाइलमध्ये जाऊन राह्यलंय," त्या म्हणाल्या. टिक बदलली. प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला.

"हे आपोआप होतं का बाई?"

"ती हिरवी खूण कधी आपोआप हलते. हे न्हाई होत. हे कुणीतरी हातानंच केलंय. मशीनला कोण हात लावतं तुमच्या?"

दैवशालानं कागदावर शिक्का मारला, बाईंच्या हातात दिला, आणि त्या गेल्यावर आपल्या खुर्चीकडं बघितलं. तिच्याशिवाय त्या खुर्चीत एकच माणूस बसायचा.

संध्याकाळी राजानंद आला, नेहमीसारखा मेल बघून गेला. तो गेल्यावर तिनं पोर्टचं पान उघडलं. टिक पुन्हा फाइलवर होती.

सकाळी तिनं फोन केला. "राजा, मशीन बंद पडलं परत."

तो आला. "चहा सांग ना आक्का."

"आज चहा न्हाई. मी इथंच बसते. कसं करतो ते दाखव."

तो उगाच वायर काढू-घालू लागला. ती म्हणाली, "वायर सोड. पोर्ट बघ."

राजानंदचा हात थांबला. "कोणी सांगितलं तुला?"

तो "पोर्टला काय झालं?" असं म्हणाला असता, तर तिनं अजूनही स्वतःची समजूत घातली असती.

"का केलंस रे?"

"समदं अंबड मला दैवशालाबाईचा भाऊ म्हणतं," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या नावाचं काय हाय? गाळा मागितला, तू हसलीस. मला वाटलं, कंटाळून तूच सोडशील. तुला दुखवायचं नव्हतं."

"मला वाटून राह्यलं होतं, माझंच डोकं चालत न्हाई आता. आन् तू रोज समोर बसून बघत होतास."

तिनं गाळ्याची दुसरी चावी मागितली. त्यानं टेबलावर ठेवली आणि गेला.

तिनं संगणकाला नवा पासवर्ड घातला. पोर्ट, हिरवी खूण, सगळं प्रभावतीबाईंना फोनवर विचारून शिकून घेतलं. आता शेजारचे दुकानदारही प्रिंटर अडला की तिला बोलावतात. भाऊ दिसत नाही का, असं कुणी विचारलं, तर तो कामात असतो म्हणून सांगते. खरं काय ते तिनं आईलाही सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर राजानंदला मुलगी झाली. बारशाला ती वाटूरला गेली. बाळाला मांडीवर घेतलं, अंगडं-टोपडं घातलं. राजानंद दारात येऊन उभा राहिला. बाळ कुणावर गेलं यावर बायका बोलत होत्या, कुणीतरी म्हणालं, आत्यावर. दैवशाला हसली. मग बाळाला बाळंतिणीच्या हातात देऊन उठली, आणि राजानंदच्या बाजूनं दाराबाहेर जाऊन, त्याच्याकडं न बघता, चप्पल शोधू लागली.