पोपटरावांचं कायम खोललेलं कटर

पोपटरावांच्या घरची कुठलीही वस्तू बिघडलेली नसते. ती खोललेली असते. या दोहोंत फरक काय, असं निमोणे गावात कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर पोपटराव सांगतात, आणि सांगायला बसले की म्हशींच्या धारांची वेळ टळते.

उभी नोकरी त्यांनी दौंडला रेल्वेत डब्यांच्या तपासणीवर काढली. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांना ठोके मारत जायचं. खणखणीत आवाज आला तर पुढं, बद्द आला तर थांबा. पेन्शनबरोबर ही सवयही घरी आली. कलिंगड, पाण्याची टाकी, जावयाची नवी मोटारसायकल, सगळं ठोकून ऐकलं जातं. एकदा मेहुण्यानं गुडघा दुखतोय म्हटलं, तर पोपटरावांनी तिथंही बोटाच्या पेरानं ठोका मारला आणि मान हलवून म्हणाले, "खोलावा लागंल."

त्यांच्या सायकलला कित्येक वर्षांत पंक्चर झालेलं नाही. ती ओसरीत उलटी, चाकं आभाळाकडे करून उभी असते. तिला पंक्चर करायला काटा उडत यायला हवा.

अशा माणसाच्या आयुष्यात चेनसॉ आला, त्याला गावाकडे कटर म्हणतात, आणि त्याला कारणीभूत झाली एक फांदी.

वैशाखातल्या एका संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं. पाऊस येतो येतो म्हणून आला नाही, पण वारं जाता जाता गोठ्यावरच्या कडुलिंबाची फांदी बेचक्यात तडकवून गेलं. फांदी चांगली पखवाजाएवढी जाड. पडली नाही, नुसती पत्र्यावर वाकून राहिली, पाहुणा उंबऱ्यावर घुटमळावा तशी. खाली तुळजाबाईंची गाय. काळीपांढरी, परदेशी वाणाची, पहिलटकरीण आणि दिवस भरत आलेले.

तुळजाबाई म्हणजे पोपटरावांच्या पत्नी. त्यांनी त्याच क्षणी दावं सोडलं आणि गाय बांधावरच्या बाभळीखाली नेऊन बांधली. बाभळीची सावली म्हणजे चाळणीतलं पाणी. दुसऱ्या दिवशी बारा वाजता गाय जीभ काढून धापा टाकायला लागली, आणि तुळजाबाई बादलीनं तिच्या पाठीवर पाणी ओतत ओरडल्या,

"अवो, दोन माणसं बोलवा! कुऱ्हाड हाय, दोर हाय. अर्ध्या दिवसाचं काम. गाय गोठ्यात गेली पायजे, न्हाईतर या उन्हात काय व्हईल ते सांगून ठिवते."

"माणसं?" पोपटराव हसले. "अगं, जग कुठं चाललंय! आपण मशीन घिऊ."

"गाय व्यायच्या आत?"

"उद्याच!"

उद्या म्हणजे चार दिवसांनी, कारण आधी अभ्यास झाला. मुलगा विक्रम कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात शिफ्टला जातो. तो म्हणाला, "आप्पा, घरच्या कामाला बॅटरीचं हलकं घ्या. धूर नाही, आवाज नाही."

"आन् चार्ज कशावर करायचं? तुझ्या तोंडावर? लाइट कवा येती ते महावितरणलाबी ठाव नसतंय."

"मग निदान हेल्मेट, गॉगल, जाड हातमोजे घ्या. आमच्या प्लांटमध्ये परमिट नसेल तर बल्बसुद्धा बदलत नाहीत."

"म्हणून अंधारात काम करता व्हय?"

तरी बापलेक शिरूरला दुकानात गेले. पोपटरावांनी तिथं मांडलेली सगळी कटरं बैलबाजारात पाहावीत तशी पाहिली. आधी लांबून, डोळे बारीक करून. मग जवळ जाऊन दात. मग मागून. एकाला उचलून वजन पाहिलं, दुसऱ्याच्या, साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीला ठोका मारून आवाज ऐकला. चालवून पाहायची सोय नव्हती, नाहीतर त्यांनी दुकानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "काका, घरच्या फांद्या, बांधावरच्या बाभळी, एवढंच ना? मग आखूड पट्टीचं घ्या. हलकं पडतं, हाताशी राहतं. लांब पट्टीचं जड असतं. टोक कुठं अडकलं तर उसळून अंगावर येतं."

"बरोबर," पोपटराव म्हणाले. मग त्यांनी हेच सगळं दुकानदाराला पुन्हा समजावून सांगितलं, जास्त तपशिलात. लांब पट्टी म्हणजे जास्त लोखंड, जास्त तेल, धार लावायला जास्त दात. दुकानदार खूश झाला. दोन गिऱ्हाइकं आणखी ऐकायला थांबली. आणि मग पोपटरावांनी दुकानातल्या सगळ्यात लांब पट्टीच्या कटरकडे बोट केलं.

"हे बांधा."

"आप्पा!" विक्रम म्हणाला.

"अरे, गावातनं न्यायचंय. भावकीला दिसाया नको?"

भावकीला दिसलं. पिशवीत मावेना म्हणून पट्टी बाहेर काढून मोटारसायकलवर आडवं धरलेलं ते कटर चौकातून दोनदा फिरलं. घरी तुळजाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि फांदीकडे बोट दाखवलं.

आता जे झालं ते पोपटरावांशिवाय कुणाला माहीत नाही. सरावासाठी म्हणून ते कटर घेऊन एकटेच शेताच्या कोपऱ्यात गेले. विक्रमनं घ्यायला लावलेलं हेल्मेट घातलं नाही, घरीच खुंटीला राहिलं. रस्सी ओढली, कटर सुरू झालं आणि एका वाळक्या ओंडक्यावर त्यांनी पट्टीचं टोक टेकवलं. दुकानदारानं सांगितलं होतं तेच झालं. कटर उसळलं, पट्टी त्यांच्या कानाजवळून गेली आणि पोपटराव बसकण मारून ढेकळांत. टोपी पलीकडच्या सरीत. आयुष्यभर त्यांनी उभ्या गाडीची चाकं तपासली होती. चालत्या चाकाशी त्यांची ही पहिलीच भेट.

घरी येऊन ते म्हणाले, "मशीन झकास हाय. फक्त सर्व्हिसिंग लागंल."

"आत्ता तर आणलंय!"

"नवीन मशीनलाच जास्त लागती."

आणि सर्व्हिसिंग सुरू झालं. ओसरीत गोणपाट अंथरलं गेलं, कटर त्यावर खोललं गेलं. खरं सांगायचं तर काम उत्तम होतं. हवेची जाळी ब्रशनं झाडली. साखळी काढून रॉकेलमध्ये धुतली. पट्टीच्या खाचेतला भुसा सुईनं काढला, जो फारसा नव्हताच. पट्टी एका बाजूनं झिजू नये म्हणून उलटी करून बसवली, मग ती झिजलेलीच नाही हे लक्षात आल्यावर सुलटी केली. गोल कानस घेऊन प्रत्येक दात एकाच दिशेनं, मोजून तितक्याच वेळा घासला. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं, साखळीचं तेल वेगळं का, हे त्यांनी तुळजाबाईंना इतक्या वेळा सांगितलं की त्या एकदा आमटीला फोडणी देताना म्हणाल्या, "आता हितं किती मिसळू तेबी सांगा."

खोललेल्या कटरचा आणखी एक फायदा पोपटरावांच्या लवकरच ध्यानात आला. गावात मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. घमेलं, पहार, सतरंजी, जावई, जे असेल ते द्यावं लागतं. कटर आल्याचं कळताच माणसं यायला लागली. पहिला आला ज्योतिबा. पलीकडच्या बांधाचा शेजारी, त्याचे वाडवडील मेंढरं राखायचे, आता त्याचा कांदा आणि ऊस असतो.

"आबा, बांधावरची बाभळ पाडायची व्हती. कटर दिवसभर दिलं तर..."

"अरे, तुला न्हाई म्हणंन का?" पोपटराव कळवळून म्हणाले. "पण बघ की, खोललंय."

ज्योतिबानं पाहिलं. खरंच खोललेलं होतं. तो चहा पिऊन गेला. आठवड्यानं पुन्हा आला, तरी खोललेलंच. रंगुबाई सरपणासाठी विचारायला आल्या, चुलतभाऊ हौशीराम मांडवाच्या खांबांसाठी आला, सगळे चहा पिऊन गेले. देणाऱ्याचं नाव राहिलं, वस्तूही राहिली. कान शाबूत राहिला तो वेगळाच.

राहिली फक्त फांदी. आणि बाभळीखाली धापा टाकणारी गाय.

"तिनं आज कडबा सोडलाय," तुळजाबाई एके सकाळी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता, म्हणून पोपटरावांनी मान वर केली. "कास सुटलीया. आज व्याली काय न् उद्या काय. उघड्यावर या उन्हात व्याली तर वासरू जगायचं न्हाई. मला तुमच्या मशीनशी घेणं न्हाई. मला गोठा पायजे."

"आजच करतो. फक्त कानस गुळगुळीत झालीया. दौंडवरनं नवी आणतो, तिथं आमच्या ओळखीचा..."

"जावा," तुळजाबाई म्हणाल्या.

पोपटराव गेले. त्यांना नवरा म्हणून एवढ्या वर्षांत हे कळायला हवं होतं, की तुळजाबाई न भांडता "जावा" म्हणतात तेव्हा जायचं नसतं.

कानस घेऊन दुपारी परतताना फाट्यावरच त्यांना आवाज ऐकू आला. कटरचा. किंचाळत होतं. हजारो आवाज ऐकलेल्या पोपटरावांना लांबूनच कळलं, काहीतरी चुकीचं बसलंय. उन्हातून पळत सुटले. आंगणात पोचले तर निळा धूर, शिडीच्या वरच्या पायरीवर ज्योतिबा, खाली दोर धरून हौशीराम, बाजूला पदर खोचलेल्या तुळजाबाई. तुळजाबाईंनी ज्योतिबाला बोलावून सगळे भाग गोणपाटासकट पुढ्यात ठेवले होते. दोघांनी मिळून जमेल तसं जोडलं होतं. ज्योतिबा घामाघूम होऊन पट्टी फांदीवर दाबत होता आणि फांदीची नुसती साल काळी पडत होती.

"बंद कर!" पोपटराव ओरडले. "ज्योत्या, बंद कर ते! साखळी उलटी बसवलीस, गाढवा!"

कटर थांबलं. ज्योतिबा वरूनच म्हणाला, "आबा, दात तर दोन्हीकडनं सारकंच दिसत्यात."

"सारकं? तुझ्या तोंडातलं उलटं बसवू का, मग भाकर चावून दाव! आन् तेल? साखळीचं तेल कुठाय? कोरडी फिरवलीस! चटका बसतोय बघ पट्टीला! आरं, जनावराला तरी कुणी असं..."

"जनावर तिकडं हाय," तुळजाबाई बाभळीकडे बोट करून म्हणाल्या. गाय आडवी झाली होती, उठली, पुन्हा आडवी झाली.

पोपटरावांनी ज्योतिबाकडून कटर उतरवून घेतलं. खाली बसले. पट्टी निवू दिली, झाकण काढलं, साखळी सुलटी केली, दातांचं तोंड पुढं. ताण इतकाच ठेवला की लोंबू नये आणि हातानं ओढली तर फिरावी. तेल भरलं. अख्खं आंगण बघत होतं. एवढं झरझर पोपटरावांना काही जोडताना निमोण्यात कुणी पाहिलंच नव्हतं, त्यांनी आजवर जोडलंच कुठं होतं!

मग त्यांनी कटर ज्योतिबाकडे देण्यासाठी हात वर केला. ज्योतिबानं हात पुढं केला. पोपटरावांना त्याचा तो मघाचा दाबणारा रेटा दिसला, कोरडी साखळी दिसली, काळी पडलेली साल दिसली.

"उतर खाली," ते म्हणाले. "तू दाबतोस. दाबायचं नसतंय."

"आबा, तुमी चढनार?"

"मग काय माझा पुतळा चढंल?"

तुळजाबाईंनी खुंटीवरचं हेल्मेट आणून त्यांच्या डोक्यावर थापलं. शिडी चढताना पोपटराव प्रत्येक पायरीला ठोका मारून बराच वेळ ऐकत होते. शिडी तपासतायत असं सगळ्यांनी मानलं. ज्योतिबानं शिडी धरली. फांदीला दोर आधीच होता, तो वरच्या बेचक्यातून ओढून घेतला होता. ज्योतिबाचा बाप मेंढरांसाठी रानोमाळ फांद्या उतरवायचा, तेवढी अक्कल रक्तात होती.

"आबा, आदी खालनं जरा घ्या. वरनंच कापली तर साल सोलत खोडापतुर यील."

"मला शिकवतोस?" पोपटराव म्हणाले आणि आधी खालून घेतलं.

टोक कुठंही टेकू न देता, कोपर अंगाशी घट्ट धरून त्यांनी वरून कटर ठेवलं. किंचाळी नाही, एकसारखा भरीव आवाज, आणि भुसा कसा, रवाळ. पोपटरावांनी घाबरायचं ठरवलं होतं, पण आवाज ऐकण्यात ते राहून गेलं. फांदी कडाडली, दोराला लोंबली, झोका घेतला आणि जाता जाता पत्र्याचा एक कोपरा दुमडून आंगणात उतरली.

"पत्रा गेला!" हौशीराम ओरडला.

"जाऊ दे पत्रा," तुळजाबाई म्हणाल्या. त्या तोवर दावं सोडून निघाल्यासुद्धा होत्या.

गाय गोठ्यात आली, गव्हाणीशी टेकली आणि दिवस मावळायच्या आत व्याली. कालवड. ओली, लांब पायांची, पहिल्याच प्रयत्नात तोंडावर पडलेली. तुळजाबाईंनी वाकून तिच्या नाकातली चिकटी पुसली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "च्या ठिवा कुणीतरी." पोपटराव मुकाट्यानं चुलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसं बसलेली. कटर चालतं हे आता आवाजानिशी साऱ्या शिवाराला माहीत झालं होतं, आणि पोपटरावांनी घाईनं अंथरलेलं गोणपाट रिकामंच होतं. तुळजाबाईंनी उठल्या उठल्या कटर खोलायचे पाने लपवून ठेवले होते.

"आबा, बाभळ," ज्योतिबा म्हणाला. "आज तर खोललेलं न्हाई."

पोपटरावांनी कटरकडे पाहिलं, ज्योतिबाच्या हातांकडे पाहिलं.

"कटर मी देत न्हाई," ते म्हणाले. असं तोंडावर नाही म्हटलेलं गावानं ऐकलं नव्हतं. "कटरसंगं मी यीन. कापायचं मी, धार लावायची मी. तुमी कुणी हात लावायचा न्हाई."

ज्योतिबानं आतल्या दाराकडे बघून विचारलं, "वैनी, चाललं का?"

तुळजाबाई कालवडीला बोट चोखायला देत होत्या. "न्या की दोगांना," त्या म्हणाल्या. "मशीन तेवढी जपून आणून द्या."