नजरेचं भोक

आमच्या दिघोरीत काही बिघडलं की आधी बाई शोधतात, मग कारण. शकुनबाईच्या वेळी बाई लगेच सापडली. कारण सापडायला मात्र वर्षं गेली.

तिचा नवरा टिकाराम रानात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या पाळायचा. अळ्या झाडावर असेपर्यंत गड्याने सोवळ्याने रानातच राहायचं आणि बाईने त्या झाडांखाली पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज. शहात्तर साली टिकाराम तिथेच तापाने फणफणला. शकुनबाईला राहवलं नाही. ती पेज घेऊन गेली आणि ऐनाखाली बसून त्याला पाजून आली.

पुढे कोसे उतरवले, तर कितीतरी कोशांना बारीक गोल भोक. आतला जीव मेलेला, धागा तुटलेला. सासू सीताबाईने एक कोसा सगळ्यांपुढे धरला.

"हा पाहा, डोराच हाये! बाईची नजर लागली."

भोक डोळ्यासारखं दिसलं, एवढाच पुरावा. टिकाराम गप्प बसला. पेज प्यायला होता तो, आणि गप्प बसला! मला अजून राग येतो तो त्याचाच. शकुनबाईची रवानगी बपेऱ्याला, माहेरी झाली. तिथेही ती कुणाच्या झाडाखाली बसेना, कुणाच्या लेकराला हात लावेना. नजर आपलीच लागली, हे तिने खरं मानलं होतं.

त्र्याऐंशी साली कोशाचं काम शिकवायला कुसुमताई गावात आल्या. त्यांनी भोक न पडलेला एक हलका कोसा कापला. आत काळ्या ठिपक्यांची पिवळी गांधीलमाशी, मेलेली.

"अळी कोसा विणत असते, तेव्हा ही सुईसारखी नळी खुपसून आत अंडं घालते," ताई म्हणाल्या. "हिचं पिल्लू आतला जीव खातं आणि मोठं झालं की गोल भोक पाडून उडून जातं. पण हिला शिव्या देऊ नका. रानातली पानं फस्त करणाऱ्या अळ्यांनाही हीच आवरते."

टिकाराम तो कोसा घेऊन एसटीने बपेऱ्याला गेला. शकुनबाईने माशी तळहातावर घेतली.

"येवढीशी!" म्हणाली आणि ढसाढसा रडली.

ती परत आली. एसटीतून उतरून दोघं उन्हातून निघाले. वाटेत ऐन लागला, तशी ती सावली सोडून कडेने चालू लागली.

"सावलीतून चाल ना वं," टिकाराम म्हणाला. "आता कायचं भेव?"

"नको जी. झाडाले काही झालं त पुन्हा मलेच धाडाल."