पोलादाला ‘आप’ म्हणणारे चाचा

दुसऱ्याची वस्तू मोडल्याचं ऐकून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस सबंध वऱ्हाडात एकच झाला, आणि तो मंगरूळपीरच्या कापसाच्या जिनात माझ्या खोलीला लागून असलेल्या शेडमध्ये बसत असे. सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत. मी आसेगावचा, त्या जिनात कारकून. चाचांचं काम इंजिन आणि सरकी काढायची यंत्रं चालू ठेवण्याचं. पण त्यांचा जीव अडकला होता तो पोलादाला भोकं पाडण्यात. लाकडाला, पितळेला, साध्या लोखंडाला भोक पाडणं हे त्यांच्या लेखी पोरखेळ. त्यांना हवं असे ते भट्टीत लाल करून पाण्यात विझवलेलं, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘पाणी दिलेलं’ पोलाद, ज्याच्यावरून कानससुद्धा नुसती घसरत जाते. असा तुकडा हाती आला की चाचा जेवण विसरत, चाची डबा घेऊन फाटकावर येऊन उभ्या राहत आणि आम्हीच तो खाऊन टाकत असू.

त्यांचे बरमे, म्हणजे भोक पाडायची टोकं, कुठल्याही दुकानात मिळणारी नव्हती. तुटलेली कानस, छत्रीची काडी, ग्रामोफोनची स्प्रिंग, न्हाव्याचा झिजलेला वस्तरा, जे मिळेल ते कुरुंदाच्या दगडावर घासून चाचा त्याला टोक काढत. त्यामुळे गावात कोणाची छत्री मोडली की चाचा खुललेला चेहरा आधी सुतकी करून विचारपूस करत आणि मग हळूच म्हणत, “काड्या फेकून तर नाही देल्या ना जी?” एकदा त्यांच्या पाठीवर भलंमोठं गळू झालं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ते फोडलं तेव्हा बाहेर बसलेल्या आम्हाला वाटलं, आता किंकाळी ऐकू येणार. ऐकू आलं ते एवढंच, “डाक्टरसाब, हा चाकू बोथट झाला तं मलेच द्या बरं. पोलाद लय उमदा हाये.” डॉक्टरांनी तो चाकू पुढं खरोखरच दिला आणि चाचांनी सगळ्या पेठेला दाखवत तो घरी आणला.

बरमा फिरवायचा तो धनुकलीसारख्या कमानीनं, दोरीचा वेढा देऊन, पुढं-मागं, पुढं-मागं. वरून जोर द्यावा लागे, तो चाचा छातीनं देत. त्यासाठी छातीवर नारळाची करवंटी बांधलेली असे. ती सोडायचं त्यांच्या कधी ध्यानात राहत नसे. पुतणीच्या लग्नात ते शेरवानीखाली करवंटी बांधूनच गेले आणि व्याह्यांनी कडकडून मिठी मारली तेव्हा बिचारे व्याही छाती चोळत मागं सरले. मुलीकडचे लोक चिलखत घालून आलेत अशी आवई वऱ्हाडात उठली, ती मिटवायला दोन बुजुर्ग लागले.

काम करताना ते धातूशी बोलत. साध्या लोखंडाला अरे-तुरे, पण पोलादाला ‘आप’. “जरासी जगा दीजिये हुजूर, जवारीच्या दान्याएवढी,” असं तासन् तास चाललेलं असे. मी एकदा चिडवलं, “चाचा, चाचीले तं तुमी कधी आप म्हनत नाही.” त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “थे राग आला तं बोलते बाबू. पोलाद बोलत नाही, एकदम टुटते.”

त्यांचा नेम एकच होता. कडक पोलाद भट्टीत घालून राखेत सावकाश निवू दिलं की त्याचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं, आणि मग घटकाभरात भोक पाडता येतं. सगळे मिस्त्री हेच करतात. चाचा मात्र या गोष्टीचं नाव काढलं तरी कानाला हात लावत. “पानी उतरवलं का थो मेला. मेल्याले कोनीबी भोक पाडते. अन् मंग पुन्हा पानी द्या, थे पयल्यासारखं बसन याचा काय भरोसा?” चाळीस वर्षांत आपण एकाही तुकड्याचं पाणी उतरवलं नाही, हे ते नवख्या माणसाला नाव सांगण्याच्या आधी सांगत.

लढाईचे दिवस होते. ऐन हंगामात इंजिनातली एक पोलादी खीळ तुटली. मुंबईहून नवी येण्याची आशा नव्हती. अडगळीतल्या यंत्रात त्याच मापाची एक मिळाली, पण तिला आडवं भोक नव्हतं, आणि भोकात चिमटा अडकवल्याशिवाय ती जागेवर ठरणार नव्हती. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. शेठ शेडमध्ये येऊन म्हणाले, “शनवारपावतो झालं तं ठीक, मिस्त्री. नाही तं अकोल्याहून फिटर बलावतो, अन् त्यालेच ठेवून घेतो.” चाचा हसले आणि करवंटी बांधायला लागले.

बुधवारी सुरुवात झाली. गुरुवारी रात्रीपर्यंत सहा बरमे मोडले होते आणि भोक झालं होतं मसुरीची डाळ बसेल एवढं. चाचांची मनगटं सुजली होती. शुक्रवारी सकाळी त्यांनी नुसते नवे बरमेच केले; दुपारी ते जुम्म्याच्या नमाजाला गेले, तिथून जेवायला घरी जाणार होते. शेडमध्ये मी एकटाच. सकाळी त्यांनी नवे बरमे लाल करायला पेटवलेली भट्टी अजून धुमसत होती. म्हाताऱ्याची भाकर जाणार हे मला दिसत होतं. मी लेखणी खरडणारा माणूस. पण इतकी वर्षं शेजारी बसून एवढं शिकलो होतो. मी खीळ निखाऱ्यात घातली, भाता मारला, लाल झाल्यावर राखेत पुरली आणि निवल्यावर विटकरीच्या भुकटीनं घासून जागच्या जागी ठेवली. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला, हे सांगायला आज लाज वाटते.

चाचा आले, बसले, कमान ओढली. कडक पोलादाची बारीक पूड पडते. आता मऊ लोखंडासारखी कुरळी, लांब सालपटं निघू लागली. चाचा थांबले. त्यांनी एक सालपट तळहातावर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग अगदी हळू म्हणाले, “सकाऊन बरमे लाल केले, त्यातच ही बी गेली असन. माह्याच हातानं.”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेठ दारात आले, आणि मी ते मिटलं. नोकरी जाण्याची भीती, दुसरं काही नाही. चाचांनीच शेठना आपली चूक सांगितली. भोक पाडलं, खिळीला पुन्हा पाणी दिलं, आणि देताना भोकापाशी केसाएवढी चीर गेली; खीळ वाया गेली. अकोल्याचा फिटर आला. पण शेठ मनानं वाईट नव्हते. म्हणाले, “होते चूक, मिस्त्री. तुमीबी राहा.”

चाचांनी मान हलवली. “चूक याद असती तं गोष्ट अलग होती, शेठ. मले यादच नाही. ज्या मानसाले हातानं काय केलं थे याद नाही, त्यानं इंजिनात हात घालू नये. कोनाचा जीव जाईन.” त्यांनी आपले सगळे बरमे त्या फिटरपुढं ठेवले. छत्रीच्या काड्या आणि वस्तऱ्याचे तुकडे पाहून तो बिचारा नुसता बघत राहिला.

उद्या सांगू, हंगाम संपल्यावर सांगू, असं करता करता मला कारंज्याच्या जिनात जागा मिळाली आणि मी गाव सोडलं. मंगरूळचं कोणी भेटलं की चाचांचं कळे. साधा अडकित्ताही ते हातात घेत नव्हते. घराला कुलूप लावलं की चाचींना ओढून पाहायला सांगत. आपण जेवलो की नाही, हे शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेत. धडधाकट, शाबूत डोक्याचा माणूस, स्वतःला विसरभोळा समजून घरात बसला होता, आणि तो शाबूत आहे हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

चार वर्षांनी मी गेलो. चाचा ओट्यावर बसले होते, वाळले होते, पण मला पाहून उठले. चाची चहा टाकायला आत वळल्या. मी प्रस्तावना केली नाही. “चाचा, थे खीळ मी भट्टीत घातली होती. तुमी नमाजाले गेलते तवा. तुमची काहीच चूक नव्हती.” सगळं सांगितलं, भाता, राख, विटकरीची भुकटी. सांगताना मला रडू आलं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे पाणावले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

“बाबू,” ते म्हणाले, “तुमी लेखनीवाले. तुमाले भाता तरी मारता येते काय?” मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. “कसम नोका खाऊ. माह्यी चूक माह्यी हाये.” आणि आतल्या बाजूला तोंड करून, कित्येक वर्षांत बोलले नसतील अशा आनंदानं त्यांनी चाचींना हाक मारली, “ऐकलं काय? माह्यं मन राखाले बाबू कारंज्याहून इथपर्यंत झूट बोलाले आला!”

साखर मिळायची मारामार होती त्या दिवसांत. चाचींनी डब्याच्या तळाशी होती नव्हती ती सगळी माझ्याच कपात घातली. दोघं जण कौतुकानं माझ्याकडं पाहत राहिले, आणि मी तो चहा संपवला.