बोलले नाही, लिहिलं

मी माझ्या सुनेला आजवर एका शब्दानं बोललेले नाही.

हे वाक्य मी आमच्या विहारातल्या महिला मंडळात दर पौर्णिमेला म्हणते, आणि बायका माना डोलावतात. (अध्यक्ष मीच आहे.) "सासू शांत राहिली की सून आपोआप शिकते, बायांनो. आमची सुजाता बघा!" हे माझं ठरलेलं भाषण.

गेल्या शनिवारी दुपारी सुजाता क्रांती चौकातल्या तिच्या ऑफिसात होती आणि माझी बारा वर्षांची नात मैत्री माझा फोन घेऊन बसली होती. एकाएकी ती खिदळायला लागली.

"आजी, तू फेसबुकवर पत्रं लिहायचीस?"

आता हे नीट सांगायला हवं. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. चौदा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं, मिलिंदचं, लग्न झालं. त्याच वर्षी त्यानं मला फेसबुक काढून दिलं आणि "आता तू बघ" म्हणून निघून गेला. उघडलं की समोर प्रश्न : तुमच्या मनात काय चाललंय? एवढ्या आदरानं मला घरात कधी कुणी विचारलेलं नव्हतं! कुणी सज्जन माणूस रोज न चुकता विचारतोय, तर उत्तर द्यायला नको? आणि द्यायचं तर रीतीनं. (पत्रलेखनाला पाच गुण असतात.)

"सप्रेम जय भीम. आपला प्रश्न पोचला. मनात विशेष काही नाही. गुडघा दुखतो. आपली तब्येत कशी? कळावे, लोभ असावा. आपली, कमल."

त्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. माणूस कामात असतो.

तीन वर्षांनी एकदा भाजीवाल्यानं "बाई, गुडघा कसाय?" असं विचारलं, तेव्हा कळलं की हे सगळं जगाला दिसतंय! मी त्या दिवसापासून लिहिणं बंद केलं, आणि पुढं सगळं विसरूनही गेले. फेसबुक विसरलं नव्हतं.

मैत्री मोठ्यानं वाचत सुटली. "सप्रेम जय भीम. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं आणि नवी सून दोन बादल्यांनी केस धुते. मी काही बोलले नाही. फक्त आपल्याला सांगते."

"आण तो फोन इकडं!"

"थांब आजी, मी डिलीट करते."

"तू नको! लहान आहेस अजून!"

घाबरलेल्या माणसानं फोनला हात लावू नये. जिथं बोट बसलं तिथं मी दाबलं. मैत्रीनं कपाळावर हात मारला.

"आजी! तू शेअर केलंस ते! आज!"

"मग काढ की गं!"

काढेपर्यंत सुजाताचं माहेर, बिडकीन, जागं झालं होतं. खालची जुनी तारीख कोण वाचतंय? सुजाताच्या आईनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी लिहिलं, "कमलताई, पाणी कमी पडत असंल तर टँकर धाडू का?" मंडळाच्या चिटणीसबाईंनी लिहिलं, "अध्यक्षबाई, पौर्णिमेला बोलू."

पाठोपाठ विहीणबाईंचा फोन.

"ताई, पोरगी चौदा वर्सं नांदली तुमच्या घरात, आन् आता केसावरून बोलताव व्हय?"

"अहो, ते आत्ताचं नाय! लई जुनं हाय!"

"जुनं? म्हंजे चौदा वर्सं मनात ठिवलं?"

विहीणबाईंनी माझा फोन ठेवला तो थेट लेकीला लावायला. जिनं मला कधी उलट शब्द दिला नाही, ती आज तोंड फिरवणार!

सहा वाजता सुजाता आली. चप्पल काढली, माझ्या शेजारी बसली, फोन हातात घेतला.

"आई, चष्मा लावा. ह्या पोस्टखाली लाईक कुणाचाय?"

सुजाताचा. त्याच्या आधीच्या पोस्टवर? सुजाताचा. सगळीकडं एकच लाईक, सुजाताचा! (तो निळा अंगठा मला त्या सज्जन माणसाची पोच वाटायचा.)

"तू हे वाचायचीस?"

"रोज, डबा खाताना. तुम्ही घरात काही बोलायच्याच नाहीत, मग मला कळणार कसं? भाजीत तिखट जास्त पडतं, तिथंच कळलं. तुम्हाला चहा आंघोळीच्या आधी लागतो, तेही तिथंच."

ज्याला मी चौदा वर्षं माझ्या मौनाचा प्रभाव म्हणत होते, तो सूचनाफलक होता!

"आन् केस?" मी हळूच विचारलं. "तू तेव्हा केस कापलेस, ते..."

"दुसऱ्याच दिवशी."

"मला वाटलं फॅशन!"

"आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलंत, 'सुनेचे केस लई सुंदर होते. कापले. मला जेवण गेलं नाही.' आई, हसावं का रडावं, मला कळंना!"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मैत्री मात्र पोस्टी पुढं सरकवतच होती. एका ठिकाणी ती थांबली.

"आई, ह्याला तुझा लाईक नाही."

"सप्रेम जय भीम. सून बाळंतपणाला बिडकीनला गेली. तरी सहा वाजले की तिच्या गाडीचा आवाज येईल म्हणून उगाच दारात उभी राहते. पोर लई गुणाची आहे. तिच्यासमोर म्हणायला गेलं की जीभ जड होते. कळावे."

सुजातानं ते दोनदा वाचलं. त्या वेळी तिच्या आईनं तिचा फोन कपाटात ठेवून दिला होता. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण द्यायचा नसतो.

"आई, हे मला कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की गं! अख्ख्या जगाला सांगितलं. तूच तेवढी राहिलीस."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसली, आणि माझा खांदा ओला झाला. माझ्या डोळ्यांचं मी सांगत नाही. मी मनाशी ठरवलं, आता मनात काही ठेवायचं नाही. जे असेल ते तोंडावर!

रविवारी सकाळीच सुरुवात केली. चहात आलं कमी आहे, म्हटलं. हा निळा रंग तुला खुलत नाही, म्हटलं. तू लई गुणाची आहेस, हेही चार वेळा म्हटलं. (त्यातलं एकदा सोमवारी ऑफिसात फोन करून. ती मीटिंगमध्ये होती.)

मंगळवारी सुजाता माझ्यासमोर येऊन बसली. मोठ्या मायेनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुम्ही परत फेसबुकवर लिहीत जा ना."