सुमनसाठी वेगळा कप

गुरुजींनी खिशातून रुमाल काढला. त्यात प्लॅस्टिकचा कप गुंडाळलेला होता, लग्नात चहाला देतात तसला. तो त्यांनी सुमनच्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, हिला ह्याच्यातून पाजा. लाळ गळती तिची. लोकं कचरत्यात."

प्रभुभोजनाचा रविवार होता. भाकरीचे तुकडे वाटून झाले होते. द्राक्षरसाचा प्याला बाकांवरून या ओठाचा त्या ओठाला येत होता. साऱ्या मंडळीचा एकच प्याला. गुरुजी चर्चच्या पंचकमिटीतले, प्याला त्यांच्याच हातात. आमच्या बाकापाशी येऊन तो थांबला.

सुमन वीस वर्षांची. हातपाय वाकडे, बोलता येत नाही. पाटोद्याजवळ दिव्यांग मुलींचं वसतिगृह आहे, तिथं मी आया आहे. तिला न्हाऊ घालते, भरवते, दर रविवारी चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत चर्चला आणते.

कपाकडं बघून माझं डोकं सणकलं. असला कप माझ्या ओळखीचा. लहानपणी बापाबरोबर सिरसाळ्याच्या बाजाराला जायची. हॉटेलाच्या वळचणीत आमच्या जातीसाठी कान तुटलेला कप खोचलेला असायचा. बाप तो काढायचा, विसळायचा, मालक वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की बाप पुन्हा विसळून तिथंच खोचायचा. एकदा तहानेनं मी आतल्या माठाला हात लावला. मालकानं माठ उचलून रस्त्यावर फोडला. फोडताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी ख्रिस्ती झाले ती या एका प्याल्यासाठी. खोटं कशाला बोलू? स्वर्गाबिर्गाचं मला काही कळत नव्हतं. सगळ्यांनी एकातून प्यायचं, एवढं कळलं होतं. भाऊ म्हणाला, "आता आमच्या दाराला यिऊ नगंस." गेले नाही. नवरा वारला, लेकरूबाळ नाही. रविवारची मंडळी, तेवढीच माझी माणसं.

बायबलातली वचनं चर्चच्या पाळकसाहेबांनी पाठ करून घेतली. विश्वास मात्र सुमननं शिकवला. ताट पुढं आलं की पहिला घास ती माझ्या तोंडाशी आणते. हात थरथरतो, निम्मं अंगावर सांडतं, घास लाळेनं भिजलेला असतो. मी खाल्ल्याशिवाय ती खात नाही. तू आधी जेव, असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. प्रभूनं स्वतःच्या हातानं भाकर मोडून दिली म्हणजे काय केलं, ते मला त्या घासात कळलं.

त्या दिवशीही तिनं तेच केलं. मुठीतला भाकरीचा तुकडा माझ्या तोंडाशी आणला. सगळे बघत होते. मी खाल्ला.

मग म्हणाले, "गुरुजी, हिला ह्याच प्याल्यातून द्या. हिच्यामागून मी पिते."

"बाई, तमाशा नको."

"मग न्हाई म्हणा. तोंडानं म्हणा, सगळ्यांदेखत."

गुरुजी पाळकसाहेबांकडं बघायला लागले. पाळकसाहेब पुस्तकात बघायला लागले. 'नाही' असं कुणीच म्हटलं नाही. प्याला आम्हाला चुकवून मागच्या बाकावर गेला.

बाहेर एक बाई जवळ आली. पहिल्या दिवसापासून मला शेजारी जागा धरून ठेवणारी. हळूच म्हणाली, "तू एकलीच येत जा की गं. तुला कोण नको म्हणतंय?" तिनं ते मायेनं म्हटलं, म्हणून जास्त लागलं. मला घेतलंय ते सुमनला बाहेर ठेवूनच, हे तेव्हा कळलं.

आता त्या बाकावर आम्ही दोघीच असतो. उपासना संपल्यावर हात मिळवायला कुणी वळत नाही. ती बाईही नाही. घरी येऊन मी रडते, हे लपवत नाही.

प्याला दर महिन्याला येतो, थांबतो, पुढं जातो. सुमन त्याच्याकडं हात करते. मी तो हात खाली ओढत नाही. बापानं जो कप वळचणीत खोचला, तो मी सुमनच्या हातात देणार नाही. तिचे ओठ लागतील त्याच प्याल्यातून पिईन. तोवर तहानलेली बसेन, त्याच बाकावर, त्यांच्या डोळ्यांसमोर.