आबांच्या मेंढरांनी ज्याला ओळखलं नाही

मंडळी, आज दुपारी माझी नात मोबाइलवर राक्षसाचा सिनेमा बघत होती. शेजारी बसलेले माझे सासरे, आबा, सहज म्हणाले, "आसला राक्षस म्या केलाय."

आम्ही हसलो. पण ते खरंच सांगत होते.

साठच्या दशकात कवठे येमाईच्या माळावर शूटिंगवाले आले होते. राक्षसाला बघून मेंढरं उधळतात, असा सीन होता. त्यांनी मुंबईहून आणलेला राक्षस वाटेतच मोडला. मग तिथंच मेंढरं राखणाऱ्या विशीतल्या आबांनी बांबूचा सांगाडा बांधला आणि गावातल्या पिंजारी चाचांनी त्यावर आबांच्याच मेंढरांची लोकर चिकटवली. आत आबाच शिरले.

"मेंढरं पळायची सोडून माझ्याभवती गोळा झाली," आबा म्हणाले. "त्यांचाच वास की. डायरेक्टर लय चिडला."

चाचांनी सगळ्या लोकरीला डांबर फासलं. या वेळी कळप असा उधळला की शूटिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्या आतून हाळी दिली, रोजच्यावाणी. येक मेंढरू थांबलं न्हाई. मुखवटा काढला तरी अंगाला लागलेल्या डांबराच्या वासानं जवळ येईनात. चार दिस."

"मग सीन भारी झाला का, आबा?" नातीनं विचारलं.

"झाला आसंल. म्या पिच्चर बघितलाच न्हाई."

एवढं बोलून आबा उठून गोठ्याकडे गेले. नातीनं मोबाइल बंद केला.

इतके सिनेमे बघितले, पण राक्षसाच्या आत कोण असेल, त्याला कसं वाटत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. तुमच्या आलं होतं का?