बीमला पाय लावायचा नाही

उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेत जिम्नॅस्टिक्सचा बॅलन्स बीम आला तो नेमका दसऱ्याच्या तोंडावर, तिथेच घात झाला. छातीइतका उंच, जेमतेम पंजाएवढा रुंद. जिल्ह्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती आणि मला संघात जायचंच होतं.

आमच्याकडे दसऱ्याला कापडाच्या लूमपासून रिक्षापर्यंत सगळ्यांची पूजा होते. मोठ्या बाईंनी बीमचीही केली. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार, वर कुणाच्या तरी कारखान्यातली जरीकाठाची पॉलिएस्टर साडी. नवरीचा थाट! इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी मी चढायला गेले तर बाई कडाडल्या, "पूजेच्या वस्तूला पाय लावतेस?"

आता बीमवर पायाशिवाय काय लावतात, हे विचारायची हिंमत आमच्या खेळाच्या सरांत नव्हती. त्यांनी खडूने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "समजा, हाच बीम." समजलं. महिनाभर मी त्या रेघेवर गिरक्या घेतल्या. जमिनीवरून कोण पडणार? सर रोज "वाहवा" म्हणायचे. घरी तक्रार केली तर आईनेही बाईंचीच री ओढली. "देवले पाय लावतंस का व माय?"

तिकडे बीमला रोज उदबत्ती चालू होती. परीक्षेला जाताना पोरं त्याच्या पाया पडायची. पाहुणे आले की बाई त्यांना तो कौतुकाने दाखवायच्या. त्याच्या शेजारी फोटो काढून घ्यायला सगळ्यांना परवानगी होती.

निवडीला दुसऱ्या शाळेत गेले. तिथला बीम बिचारा साधाच, पोरींच्या पायांनी मळलेला. सवयीने मी आधी त्याला हात लावून कपाळाला लावला. परीक्षक हसले. मग वर चढले आणि खाली पाहिलं. पहिल्याच गिरकीला धाडकन खाली.

"देवाची इच्छा," परतल्यावर आमच्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आणखी मोठी पूजा करू."

मला रडू आलं नाही, संताप आला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी हॉलमध्ये गेले, हार काढला, साडी घडी करून खुर्चीवर ठेवली आणि अनवाणी वर चढले.

बाई धावत आल्या. "उतर खाली! पाप लागेल!"

"लागू द्या, बाई," मी म्हटलं. "आधी मला वळायला शिकू द्या."